मातीतल्या ओलीचे मोजमाप : माणदेश ते कृष्णाकाठ

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो आणि तेथून पूर्वेला सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर, माण तालुक्यातील म्हसवडच्या परिसरात, तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो. कारण नैऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढताना आपले बहुतेक बाष्प तेथेच रिते करतात. माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ आणि जत हे तालुके या पर्जन्यछायेत येतात. येथील शेतीचा अंदाज मात्र पर्जन्यमापकावरून पुरता बांधता येत नाही, कारण रब्बीची ज्वारी पेरली जाते तेव्हा पाऊस सरत आलेला असतो आणि पुढचे चार महिने पीक जमिनीत साठलेल्या ओलीवरच उभे राहते. म्हणूनच ती ओल किती आहे, किती खोल आहे आणि तिच्यातली किती मुळांना ओढून घेता येते, हे तपासण्याच्या शास्त्राला या भागात मोठे महत्त्व आहे.

या शास्त्राची मूळ रीत अगदी साधी आहे. गिरमिटाने ठरावीक खोलीवरची माती काढून हवाबंद डबीत भरतात, तिचे वजन घेतात, 105 अंश सेल्सियसला ओव्हनमध्ये सुमारे चोवीस तास वाळवून पुन्हा वजन करतात आणि उडालेल्या पाण्याचे कोरड्या मातीशी असलेले शेकडा प्रमाण काढतात. वाळल्यावर 100 ग्रॅम भरलेली माती आधी 120 ग्रॅम असेल, तर ओलावा 20 टक्के झाला; मातीची घनता घन सेंटिमीटरला 1.2 ग्रॅम धरली, तर 30 सेंटिमीटर जाडीच्या थरात 72 मिलिमीटर पाणी आहे असा हिशेब निघतो.

पण हा आकडा एकटा फसवा ठरतो. बेसॉल्ट खडकापासून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे फुगणारे चिकणखनिज असते. ते पाणी इतके घट्ट धरून ठेवते की ज्या ओलाव्यावर वाळूसर जमिनीतले पीक सुखाने वाढते, त्याच ओलाव्यावर खोल काळ्या जमिनीतले पीक सुकू लागते. म्हणून जादा पाणी निचरून गेल्यावर जमिनीत टिकणारी ओल, म्हणजे जलधारणशक्ती, आणि रोप कायमचे कोमेजते तो मरणबिंदू, या दोहोंमधला फरकच उपलब्ध ओलावा मानला जातो. मरणबिंदूपाशी माती पाण्याला सुमारे पंधरा वातावरणांच्या ताणाने धरून असते. खोल काळ्या जमिनीत असा ओलावा भरपूर मावतो. माळावरच्या हातभर मुरमाड जमिनीत तो फारच थोडा असतो, आणि या पर्जन्यछायेतल्या माणदेशाचे खरे दुखणे कमी पावसाइतकेच या उथळपणात आहे.

पृथ्वीवरच्या सर्वांत कोरड्या जमिनींचा अभ्यासही उपलब्ध ओलाव्याच्या याच पायावर उभा आहे. अंटार्क्टिकावरील मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांत वर्षाकाठी पडणाऱ्या बर्फाचे पाणी केले तर ते काही मिलिमीटरांपासून जेमतेम पन्नास मिलिमीटरांपर्यंत भरते, आणि त्यातलाही बराच बर्फ न वितळता थेट वाफ होऊन जातो. वरच्या कोरड्या वाळूखाली बर्फाने सांधलेली जमीन असते, म्हणजे पाणी असूनही जीवांना ते मिळत नाही. क्षार धुऊन नेण्याइतके पाणी वाहत नसल्याने ते जागीच साचतात.

आपल्याकडे कोरडवाहू जमिनीचा पद्धतशीर अभ्यास 1923 मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे सुरू झाला आणि 1933 मध्ये सोलापूरचे संशोधन केंद्र उभे राहिले. ना. वि. कानिटकर यांच्या नेतृत्वाखालील या कामातून बांधबंदिस्ती, रुंद ओळींतली विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी यांवर उभी असलेली मुंबई कोरडवाहू पद्धत आकाराला आली. रब्बी ज्वारीला तिसऱ्या आठवड्यात फटीचे, पाचव्यात पासेचे आणि आठव्यात दातेरी कोळपे चालवण्याची शिफारस आजही केली जाते. त्यातले शेवटचे कोळपे तण काढण्यापेक्षा भेगा बुजवण्यासाठी असते, कारण काळी जमीन सुकताना भेगाळते आणि त्या भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. इतक्या स्वस्त अवजाराने एवढी ओल राखणारा दुसरा उपाय या पट्ट्याला क्वचितच लाभला असेल.

कृष्णाकाठी प्रश्न नेमका उलटा आहे. वाळवा, मिरज, पलूस या भागांतील उसाच्या काळ्या जमिनींना वर्षानुवर्षे गरजेहून जास्त पाणी मिळाले, भूजल वर चढले आणि ते केशाकर्षणाने पृष्ठभागाशी येऊन उडून जाताना क्षार मागे ठेवून गेले. जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता मीटरला 4 डेसिसायमनपेक्षा जास्त भरली की ती क्षारयुक्त ठरते. विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण 15 टक्क्यांपुढे गेले की ती चोपण होते आणि तिच्यात पाणी मुरणेच थांबते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील केंद्राने अशा जमिनींवर भूमिगत सच्छिद्र पाइप निचरा पद्धतीचा अभ्यास केला आहे. साधारण मीटरभर खोल गाळणीचे आवरण असलेले पाइप उताराने अंथरायचे, वरून पाणी देऊन क्षार खाली धुवायचे आणि ते निचऱ्याच्या पाण्याबरोबर बाहेर काढायचे, असे त्याचे स्वरूप आहे. चोपण जमिनीत त्याआधी जिप्सम मिसळावे लागते.

टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी खानापूर-आटपाडीकडे, म्हैसाळने जतकडे आणि जिहे-कठापूरने खटाव-माणकडे उचलले जात असताना ओल राखण्याचा आणि निचऱ्याचा हे दोन्ही अभ्यास एकत्र वाचणे निकडीचे झाले आहे. उथळ मुरमाड जमिनीला थोडे थोडे आणि वारंवार पाणी लागते. सखल भागातल्या खोल काळ्या जमिनीला वाफसा येईपर्यंत थांबावे लागते आणि तिच्या खालच्या भूजलाची पातळी पहिल्या पाळीपासूनच निरीक्षण-नळ्या पुरून नोंदवावी लागते.