सूक्ष्मदर्शकाखालची फूटपट्टी

सूक्ष्मदर्शक यंत्राला डोळा लावणारा नवखा माणूस पहिल्याने विचारतो, "हे काय आहे?" प्रश्न रास्तच आहे. पण ऊतीचा, म्हणजे एका कामासाठी एकत्र विणलेल्या पेशींचा, तुकडा पाहताना दुसराही प्रश्न विचारावा लागतो: "हे केवढे आहे?" आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगार चळवळीत अधिक झाले. दगड फोडणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांसंबंधीचे कागद वाचता वाचता या दुसऱ्या प्रश्नाचे मोल आम्हांला कळले. म्हणून आज तोच आपल्यापुढे मांडतो.

प्रथम माप ठरवू. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, की एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आता त्याला मायक्रोमीटर म्हणतात. वीतभर अंतरावरच्या कागदावरील दोन ठिपके सुमारे १०० मायक्रॉनांहून जवळ आले, तर नुसत्या डोळ्याला ते एकच वाटतात. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. रक्तातील तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉन रुंद असते.

आता यंत्राकडे वळू. डोळ्याकडचे भिंग दहापट आणि वस्तूकडचे चाळीसपट असेल, तर प्रतिमा चारशेपट होते. पण 'चारशेपट' हे वस्तूचे माप नव्हे. तेच चित्र छापताना लहान केले किंवा पडद्यावर पुरुषभर उंच पाडले, तर खाली लिहिलेला चारशेचा आकडा खोटा ठरतो. म्हणून जाणता माणूस चित्राच्या कोपऱ्यात एक आडवी रेघ काढतो आणि ती किती मायक्रॉनांची हे लिहून ठेवतो. नकाशावरच्या मैलांच्या पट्टीसारखीच ही रेघ. चित्र वाढले की तीही वाढते, आणि हिशेब चुकत नाही.

डोळा लावल्यावर जे प्रकाशाचे वर्तुळ दिसते, त्याचेही माप असते. नेहमीच्या एका यंत्रात वस्तूकडचे भिंग दहापट असताना ते १.८ मिलिमीटर रुंद असेल, तर चाळीसपट भिंगाखाली ०.४५ मिलिमीटर, म्हणजे ४५० मायक्रॉन, उरते. रुंदी चौथाई झाली, पण क्षेत्रफळ सोळावा हिस्सा झाले! तेव्हा 'एका वर्तुळात इतक्या पेशी दिसल्या' असे कोणी सांगितले, तर कोणत्या भिंगाखाली, हे विचारलेच पाहिजे.

अचूक मापासाठी एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली काचपट्टी मिळते. तिच्यावरून डोळ्याकडच्या भिंगातील खुणांची किंमत ठरवितात, आणि ती प्रत्येक भिंगासाठी वेगळी ठरवावी लागते. पट्टी नसेल, तर ऊतीतच एक फूटपट्टी असते. रक्तवाहिनीत तांबडी पेशी शोधावी आणि शेजारची वस्तू तिच्या किती पट आहे ते पाहावे. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक (१६३२–१७२३) विद्यापीठात गेलेला नव्हता. तोही आपल्या भिंगाखालच्या वस्तू वाळूच्या कणाशी ताडून सांगत असे. माहीत असलेल्याशी ताडणे हेच मापनाचे मूळ आहे.

आणखी एक सावधगिरी ठेवावी लागते. काचेवर अख्खी ऊती नसते, तिचा चारपाच मायक्रॉन जाडीचा काप असतो. उकडलेल्या अंड्याच्या चकत्या केल्या, तर टोकाच्या चकतीत बलक दिसत नाही. म्हणून अंड्यात बलकच नव्हता असे कोणी म्हणत नाही. तसेच एखाद्या पेशीच्या कापात केंद्रक दिसला नाही, तर तो सुरीच्या वाटेत आला नाही, एवढेच समजावे. शिवाय काप तयार करताना ऊती आकसते, हेही हिशेबात धरावे.

आता हे सारे फुप्फुसाला लावून पाहू. फुप्फुसातील वायुकोश सुमारे २०० मायक्रॉन रुंद असतो. उन्हाच्या तिरिपेत दिसणारी जाड धूळ बहुतेक नाकाघशात अडते. वायुकोशापर्यंत पोचतात ते मुख्यतः पाच मायक्रॉनांहून लहान, म्हणजे तांबड्या पेशीहूनही लहान कण. दगडातील सिलिकाचे असे कण तिथल्या भक्षक पेशी गिळतात आणि स्वतः मरतात. त्या जागी व्रणासारखी ऊती साचत जाऊन काही मिलिमीटरांच्या गाठी होतात. हाच सिलिकोसिस.

कारण एकदोन मायक्रॉनांचे आणि परिणाम काही हजार मायक्रॉनांचा, असा हा मामला आहे. कमी शक्तीच्या भिंगाखाली गाठ दिसते, पण कण दिसत नाही. जास्त शक्तीचे भिंग लावले, तर कण हाती लागण्याची शक्यता असते, पण गाठ वर्तुळाबाहेर जाते. शिवाय सिलिकाचे कण साध्या प्रकाशात जवळजवळ लपतात. त्यांच्यासाठी ध्रुवित प्रकाश लागतो. तेव्हा एकच चित्र पुढे करून 'यात धूळ कुठे आहे?' असे कोणी विचारले, तर ते चित्र किती पटीचे आणि कोणत्या प्रकाशातले, हे आपण आधी विचारावे. उलट बाजूने, एक ठिपका दाखवून रोग सिद्ध झाला असे म्हणणेही तितकेच कच्चे आहे.

आमच्या कामगार बंधुभगिनींना आम्ही एवढेच सांगतो, की हवा स्वच्छ दिसते म्हणून ती निर्धोक ठरत नाही. तोंडाला बांधलेल्या साध्या फडक्याच्या दोन धाग्यांमधली फट त्या कणाच्या कितीतरी पट रुंद असते. दगड ओला ठेवून काम करणे, धूळ उठते तिथेच ओढून घेणारी यंत्रे बसविणे आणि बारीक कण अडविणारे योग्य मुखवटे देणे, हे खरे उपाय आहेत. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात सिलिकोसिस पुढे धंद्यामुळे होणाऱ्या रोगांत गणला गेला. पण भरपाईने फुप्फुस परत मिळत नाही. जे डोळ्याला दिसत नाही ते केवढे आहे, हे वेळीच मोजले, तरच माणूस वाचतो.