जखमी जवान आणि त्याचा संसार

अलास्कातल्या पोर्ट ऑल्सवर्थ गावाला रस्ता जात नाही. विमानानेच उतरावं लागतं. ‘समॅरिटन्स पर्स’ ही ख्रिस्ती संस्था २०१२पासून जखमी अमेरिकी सैनिकांना जोडीदारासह आठवडाभर इथे बोलावते. निवृत्त लष्करी धर्मगुरू बायबलच्या आधारे नात्यातल्या तिढ्यांवर बोलतात. उरलेला वेळ मासेमारीचा, भटकंतीचा. इच्छुक जोडपी लग्नाच्या शपथा पुन्हा घेतात.

आपल्याकडे भर राहिला तो शरीरावर आणि रोजगारावर. पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांसाठी १९१७मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली; ती आज पुण्यात आहे. त्याच शहरातलं कृत्रिम अवयव केंद्र १९४४चं. मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी खडकीत १९७४पासून पुनर्वसन केंद्र आहे.

सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले.

पदकामागचं घर मात्र क्वचितच दिसतं. कमरेखालचं शरीर लुळं पडलं की ठरावीक वेळाने कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची नळी, अंघोळ, रात्रीची जाग हे सारं बहुधा बायकोच्या वाट्याला येतं.

अशा घराला मदत हवी असेल, तर परभणी जिल्ह्यातल्या पेडगावसारख्या गावच्या माजी सैनिकासाठी पहिलं दार परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं. मनाच्या तक्रारींसाठी ‘टेलि-मानस’ या दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा खास कक्ष डिसेंबर २०२३मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.