साठीनंतरचं कॉलेज

समजा, आज तुम्ही सत्तावीस वर्षांचे आहात. पगारातून प्रॉव्हिडंट फंड कापला जातोय, एखादी एसआयपी चालू आहे, कुण्या नातेवाइकाच्या आग्रहाखातर घेतलेली पेन्शन पॉलिसीही कपाटात पडून आहे. म्हणजे रिटायरमेंटच्या पैशांचं काय ते बघून झालं. पण रिटायर झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहा वाजता, तुम्ही नेमकं काय करत असाल? आणि त्यानंतरचे वीस वर्षांतले सगळे सोमवार?

हसू नका. तुमच्या घरात आई किंवा बाबा साठीला टेकले असतील, तर हा प्रश्न सध्या तुमच्याच हॉलमध्ये, टीव्हीसमोर बसलेला असणार. आणि ब्रिटनमध्ये एका इतिहासकारानं तो इतका मनावर घेतला, की आयुष्याचा नकाशाच नव्यानं काढला. त्याचं नाव पीटर लॅस्लेट.

लॅस्लेटचा बायोडेटा एखाद्या एचआरवाल्याला चक्रावून टाकेल असा आहे. जन्म १९१५ चा, इंग्लंडमधल्या बेडफर्डचा. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. केंब्रिजमध्ये इतिहास शिकला, मग महायुद्ध लागलं आणि हा नौदलात गेला. तिथं जपानी भाषा शिकून, ब्लेचली पार्क आणि वॉशिंग्टनमध्ये, जपानी नौदलाचे गुप्त संदेश उलगडायचं काम केलं. युद्ध संपल्यावर बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमचा प्रोड्यूसर झाला. एकीकडे रेडिओ, दुसरीकडे केंब्रिजमध्ये संशोधन. १९६० मध्ये त्यानं जॉन लॉकच्या राज्यशास्त्रावरच्या गाजलेल्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढली. १६८८ च्या इंग्लिश राज्यक्रांतीचं समर्थन करायला लॉकनं तो लिहिला, असं तोवर सगळे धरून चालले होते. लॅस्लेटनं दाखवून दिलं, की त्याचा बराचसा भाग क्रांतीच्या आधीच, बहुधा १६७९-८० च्या सुमाराला, लिहून झालेला होता. एवढ्यावर एखादा प्रोफेसर जन्मभर निवांत बसला असता.

पण याला मध्येच एक यादी सापडली.

नॉटिंगहॅमशायरमधलं क्लेवर्थ हे चारशे वस्तीचं गाव. तिथल्या पाद्रीबाबांनी १६७६ मध्ये आणि पुन्हा १६८८ मध्ये गावातल्या प्रत्येक घरात कोण कोण राहतं, ते लिहून ठेवलं होतं. पहिल्या यादीत ४०१ माणसं, दुसरीत ४१२. गाव तेवढंच, पण बारा वर्षांत त्यातली सुमारे साठ टक्के नावं बदललेली! काही वारले, बरेच सरळ दुसरीकडे निघून गेले. पिढ्यान् पिढ्या एकाच मातीत रुजलेल्या खेड्याचं जे चित्र सगळ्यांच्या डोक्यात होतं, त्याला या दोन याद्यांनी सुरुंग लावला.

मग लॅस्लेट मोजतच सुटला. १९६४ मध्ये टोनी रिग्ली या लोकसंख्येच्या अभ्यासकाबरोबर त्यानं 'केंब्रिज ग्रुप' उभा केला. आता देशभरातल्या चर्चमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्या उतरवून घ्यायच्या, तर माणसं कुठून आणायची? पगार द्यायला पैसे नव्हते. पण गावोगावी हौशी मंडळी होती. रिटायर्ड शिक्षक, गृहिणी, स्थानिक इतिहासाचं वेड असलेले लोक. त्यांनी फुकट, चर्चच्या थंडगार खोल्यांत बसून, रकाने भरून पाठवले. अशा ४०४ चर्चच्या नोंदींवरून इंग्लंडच्या तीन शतकांहून जास्त काळाच्या लोकसंख्येचा इतिहास लिहिला गेला, तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. आज याला 'क्राउडसोर्सिंग' म्हटलं असतं आणि स्टार्टअप काढलं असतं!

लॅस्लेटचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक १९६५ चं, 'द वर्ल्ड वी हॅव लॉस्ट'. त्यात तो १६१९ मधल्या लंडनच्या एका बेकरीवाल्याच्या घरात नेतो. मालक, मालकीण, मुलं, कारागीर, शिकाऊ पोरं, मोलकरणी अशी तेरा-चौदा माणसं एकाच छपराखाली. घर तेच ऑफिस आणि बॉस तोच बाप. (वर्क फ्रॉम होमला कंटाळलेल्यांनी हे जरूर वाचावं.) पण असं भरलेलं घर सगळ्यांचं नव्हतं. १५७४ ते १८२१ या काळातल्या शंभर गावांचा त्याच्या टीमनं हिशोब मांडला, तेव्हा घरागणिक सरासरी निघाली पावणेपाच माणसं. तीही नोकरचाकर धरून. आजी-आजोबा, काका-काकू, चुलत भावंडं असा गोतावळा एका घरात क्वचितच. लग्नंही लहानपणी होत नव्हती. शेक्सपिअरची ज्यूलिएट चौदाचीही नाही, पण सतराव्या शतकातल्या कँटरबरीच्या लग्नाच्या परवान्यांत नवरीचं सरासरी वय चोवीसच्या आसपास आणि नवऱ्याचं जवळपास सत्तावीस. आधी दुसऱ्याच्या घरी नोकरी करायची, पैसे साठवायचे, मग लग्न आणि वेगळं बिऱ्हाड. ओळखीचं वाटतंय ना?

आता आपल्याकडची एक गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण ती पुण्याच्या वेशीवरची आहे. नगर रोडनं वाघोली सोडलं की लोणीकंद लागतं. १८१९ मध्ये, पेशवाई बुडाल्यानंतर लगेच, थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं या गावाची बारीकसारीक माहिती लिहून ठेवली. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्याच गावात परत गेले आणि १९६० मध्ये 'तेव्हाचं आणि आताचं लोणीकंद' असा अभ्यास प्रसिद्ध केला. पॉलिन कोलेंडा या अमेरिकन बाईंनी तर १८१९, १९५८ आणि १९६७ अशा तीन काळांतली इथली कुटुंबं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. 'पूर्वी सगळी घरं एकत्र होती, आता सगळी फुटली' ही आपली आवडती कहाणी त्यात काही टिकली नाही. थोडक्यात, 'आमच्या वेळी' हा काळ जरा तपासून घ्यावा लागतो. कोकणातही आणि केंब्रिजमध्येही.

हे सगळं म्हाताऱ्या माणसांशी कुठं जुळतं? इथंच तर जुळतं. घरं जर पूर्वीपासून छोटीच होती, तर विधवा बाई, हातपाय थकलेला शेतमजूर यांना सांभाळत कोण होतं? लॅस्लेटचं उत्तर होतं: बऱ्याचदा गाव. १६०१ च्या गरिबांसाठीच्या कायद्याखाली इंग्लंडमधल्या प्रत्येक पॅरिशला कर गोळा करून निराधारांना पोसावं लागे. मुलं मदत करत होती, पण भार एकट्या मुलांवर टाकलेला नव्हता. म्हणून 'आजची मुलं आईबापांना टाकतात, सरकारनं कशाला बघायचं?' असं कुणी म्हणालं की लॅस्लेट चिडायचा. इतिहास दाखवून तुम्ही हात झटकू शकत नाही, हा त्याचा मुद्दा. आपल्याकडे आईवडिलांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा सगळ्यात आधी मुलांकडे बोट दाखवतो, तेव्हा मला हा मुद्दा हटकून आठवतो.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. जुन्या इंग्लंडमध्ये शंभरातले सात ते दहा जणच साठीपुढचे असायचे. विसाव्या शतकात हे गणित पार बदललं. पंचविशीतल्या माणसाला सत्तरी गाठायची निम्मी तरी शक्यता हवी, अशी लॅस्लेटची एक कसोटी होती. ही रेषा ओलांडलेल्या समाजात एक नवीनच टप्पा तयार होतो. पहिलं वय शिकण्याचं आणि दुसऱ्यांवर अवलंबून राहण्याचं. दुसरं वय कमावण्याचं, जबाबदाऱ्यांचं. चौथं परावलंबनाचं आणि शेवटाचं. आणि मधलं तिसरं? स्वतःला हवं ते करण्याचं. माणसाच्या हातात वीस-वीस वर्षं आली, पण त्यांचं करायचं काय, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं, असं तो म्हणे. १९८९ मध्ये 'अ फ्रेश मॅप ऑफ लाइफ' या पुस्तकात त्यानं हे सगळं मांडलं. तेव्हा तो स्वतः त्र्याहत्तर वर्षांचा होता.

पण नुसतं लिहून थांबणारा हा गडी नव्हता. १९६३ मध्येच, मायकेल यंग या समाजशास्त्रज्ञाच्या साथीनं, त्यानं भल्या पहाटे टीव्हीवरून केंब्रिजची लेक्चर्स दाखवायचा प्रयोग केला होता. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीआधीच्या धडपडींपैकी ही एक. पुढे १९८१ मध्ये लॅस्लेट, यंग आणि एरिक मिडविंटर हे तिघं पुन्हा कामाला लागले. मिडविंटरही समाजेतिहासाचाच माणूस, वृद्धांविषयीच्या धोरणांचा अभ्यास करणारी एक संस्था तेव्हा तो चालवत होता. फ्रान्समध्ये तुलूझला १९७३ पासून 'युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज' सुरू होती, पण ती खऱ्या विद्यापीठाच्या आश्रयानं, प्रोफेसरांच्या व्याख्यानांवर. या तिघांनी प्रोफेसरच काढून टाकले.

ब्रिटिश 'यू थ्री ए'त कॅम्पस नाही, परीक्षा नाही, डिग्री नाही, पगारी शिक्षक नाहीत. सभासदच शिकवतात आणि सभासदच शिकतात. एखादे रिटायर्ड इंजिनिअर सोमवारी खगोलशास्त्र समजावतात आणि गुरुवारी दुसऱ्याच कुणाकडून इटालियन शिकतात. सरकारच्या ग्रँटची वाट बघायची नाही. कुणाच्या तरी घरी, हॉलमध्ये, लायब्ररीत जमायचं. वर्गणी किरकोळ. केंब्रिजपासून सुरू झालेल्या या गटांची संख्या पुढे हजारावर गेली आणि सभासद चार लाखांवर.

सगळं गोड गोड आहे का? नाही. तिसरं वय एन्जॉय करायला पेन्शन लागते, गुडघे धड लागतात. बिगारीकाम करणाऱ्या माणसाला साठीनंतर इटालियन कुठून सुचणार? २०११ च्या जनगणनेत भारतात साठीपुढचे दहा कोटींहून जास्त लोक होते आणि त्यातल्या बहुतेकांनी नियमित पेन्शनचं तोंड पाहिलेलं नाही. टीकाकारांचा दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. तिसऱ्या वयाला इतकं उजळवलं, की सगळा अंधार चौथ्या वयाच्या वाट्याला गेला. जो अंथरुणाला खिळला, त्याचं काय? लॅस्लेटच्या नकाशात तो कोपरा खरोखरच अपुरा राहिलाय, असं माझंही मत आहे.

तरी एक गोष्ट त्यानं तुमच्या-माझ्यासाठी ठेवली आहे. तिसरं वय वाढदिवसावर ठरत नाही, असं तो सांगायचा. ते दुसऱ्या वयाबरोबरही चालू शकतं. नोकरी करता करता तबला शिकणारा, शनिवारी किल्ल्यांची मोजमापं घेत हिंडणारा माणूस त्याच्या हिशोबानं तिसऱ्या वयात शिरलेलाच असतो.

लॅस्लेट स्वतः १९८३ मध्ये केंब्रिजच्या नोकरीतून निवृत्त झाला. नव्या नकाशाचं पुस्तक त्यानंतरचं, सीबीई हा किताब १९९७ चा. नोव्हेंबर २००१ मध्ये, पंच्याऐंशी वर्षांचा असताना, तो गेला. क्लेवर्थच्या त्या पाद्रीबाबांनी त्याच्याही नावापुढे एक ओळ लिहिली असती. फक्त 'व्यवसाय' या रकान्यात काय लिहायचं, याचा त्यांना बराच विचार करावा लागला असता.