समुद्राचे नाव कोणी ठेवले?

आमच्या वसाहतीतील अभ्यासिकेत आम्ही रोज संध्याकाळी दोन तास बसतो. कोणाचे गणित अडलेले असते, कोणाला अर्ज लिहून हवा असतो. गेल्या महिन्यात नववीतील एक मुलगी नकाशाची वही घेऊन आली. आशिया खंडाचा नकाशा भरायचा होता. जपान आणि कोरिया यांच्यामधील पाण्यावर तिने पेन्सिल टेकवली आणि विचारले, "काका, पुस्तकात याला जपानचा समुद्र म्हटलंय. पण मी मोबाईलवर कोरियाची मालिका बघते, त्यात सगळे याला पूर्व समुद्र म्हणतात. मग चूक कोणाची?"

आमचे शिक्षण बी. कॉम. भूगोल शाळेत सुटला तो सुटलाच. "उद्या सांगतो" म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग वाचायला बसलो, आणि वाचता वाचता ध्यानात आले की, पोरीने जो प्रश्न सहज विचारला, त्यावर दोन देश तीस वर्षांहून अधिक काळ भांडत आहेत.

हा समुद्र सुमारे दहा लाख चौरस किलोमीटरचा. त्याच्या काठावर जपान, दोन्ही कोरिया आणि रशिया. कोरियाची माणसे त्याला 'दोंगहे' म्हणतात, म्हणजे पूर्व समुद्र. त्यांच्या पूर्वेला आहे म्हणून पूर्व समुद्र, इतके ते सोपे. दक्षिण कोरियाचे राष्ट्रगीतच या समुद्राच्या नावाने सुरू होते. इ. स. ४१४ मध्ये उभारलेला त्यांच्या एका राजाचा शिलास्तंभ आज चीनच्या हद्दीत आहे. त्यावरही हे नाव कोरलेले आहे, असे ते दाखवतात.

मग जगाच्या नकाशावर जपानचे नाव कसे चढले?

वाचकहो, कारकुनी करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. रजिस्टरमध्ये पहिल्यांदा जे नाव चढते, ते उतरवायला जन्म जातो. सर्व्हिस बुकात वडिलांच्या नावाची एक वेलांटी चुकली तरी प्रतिज्ञापत्र करा, गॅझेटला द्या, साहेबांच्या सहीसाठी चार खेपा घाला. आणि पेन्शनच्या वेळी पुन्हा कोणी तरी विचारतोच, "हे दोन वेगळे इसम तर नव्हेत?" समुद्रांचेही असेच एक रजिस्टर आहे. जहाजांना समुद्राचे नकाशे लागतात, म्हणून १९२१ साली मोनॅको येथे आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्था स्थापन झाली. महासागर आणि समुद्रांच्या सीमा व नावे सांगणारी एक पुस्तिका तिने काढली. पहिली आवृत्ती १९२९ च्या सुमारास आली, दुसरी १९३७ साली. दोन्हींत या पाण्याचे नाव 'जपानचा समुद्र' असे छापले गेले.

जपान त्या संस्थेचा सभासद होता. कोरिया कोठे होता? १९१० साली जपानने कोरिया आपल्या साम्राज्यात जोडून घेतला होता. ज्याचा देशच कागदावर नाही, त्याला सभेचे बोलावणे कोण पाठवणार? तिसरी आवृत्ती १९५३ साली निघाली, तेव्हा कोरिया स्वतंत्र झालेला होता. पण युद्धाने दोन तुकडे होऊन होरपळत होता. दक्षिण कोरिया त्या संस्थेत दाखल झाला तो १९५७ साली. तोपर्यंत शाई वाळून गेलेली होती.

पाण्याच्या नावासाठी एवढा जीव का टाकायचा, असे आम्हालाही आधी वाटले. भाकरीचे प्रश्न थोडे आहेत काय? पण मग पुढची हकीकत वाचली.

जपानी सत्तेने कोरियात नुसती जमीन घेतली नाही. शाळेतून कोरियन भाषा हळूहळू काढून टाकली. १९४० साली फर्मान अमलात आले की, कोरियन कुटुंबांनी जपानी धाटणीची आडनावे नोंदवावीत. कागदावर सक्तीचा शब्द जपून वापरला होता. पण कचेरी त्यांची, शाळा त्यांची, पोलीसही त्यांचे. सहा महिन्यांत सुमारे ऐंशी टक्के कुटुंबांनी नावे नोंदवली. ही नावे कायद्याने परत मिळाली ती १९४६ साली, म्हणजे कोरिया सुटल्यानंतर. (कोरियाचा मुक्तिदिनही १५ ऑगस्टच आहे, मात्र १९४५ चा.)

त्याही आधीची एक गोष्ट आहे सोन की-चुंग या धावपटूची. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्याने मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकले. अडीच तासांच्या आत. पण छातीवर जपानचे निशाण, आणि यादीत नाव 'सोन कितेई', म्हणजे त्याच्याच नावाचा जपानी उच्चार. बक्षीस घेताना तो मान खाली घालून उभा राहिला. कोरियातील एका वृत्तपत्राने त्याचे छायाचित्र छापताना छातीवरचे जपानी निशाण पुसून टाकले, तर सरकारने ते वृत्तपत्र कित्येक महिने बंद पाडले. पुढे १९८८ साली सोल येथे ऑलिंपिक भरले, तेव्हा हा म्हातारा हातात ज्योत घेऊन मैदानात धावत आला. त्याच्या उड्या पाहून लोक रडले. आणि तरीही ऑलिंपिकच्या अधिकृत नोंदीत ते पदक जपानच्याच खात्यावर आहे. रजिस्टर म्हणतात ते हे.

ज्यांच्या आजोबांचे नाव असे गेले, त्यांना समुद्राच्या नावावर बोलू नका, असे सांगायला आमची तरी जीभ रेटत नाही.

परंतु जपानचेही म्हणणे ऐकले पाहिजे, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. जपान म्हणतो, हे नाव आम्ही ठेवलेच नाही. १६०२ साली मातेओ रिची या धर्मोपदेशकाने चीनमध्ये जो जगाचा नकाशा काढला, त्यात हे नाव आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस ते युरोपच्या नकाशांत रुळले, तेव्हा जपान स्वतः दारे बंद करून बसला होता आणि कोरियावर त्याचे राज्य नव्हते. शिवाय पूर्व समुद्र कोणाच्या पूर्वेला? जपानच्या तर तो पश्चिमेला येतो. यावर कोरिया म्हणतो, जुन्या युरोपीय नकाशांत 'कोरियाचा समुद्र'ही सापडतो. मग दोन्ही बाजूंनी मोठमोठ्या ग्रंथालयांतील जुने नकाशे काढून मोजदाद केली, आणि प्रत्येकाची बेरीज त्याच्याच बाजूने आली!

१९९१ साली दोन्ही कोरिया संयुक्त राष्ट्रांत दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी भौगोलिक नावांच्या परिषदेत त्यांनी हा विषय मांडला. एरवी एकमेकांवर बंदुका रोखून बसलेले हे दोन भाऊ या एका बाबतीत एका बाजूला होते. दक्षिण कोरियाची मागणी अशी की, एकमत होईपर्यंत दोन्ही नावे शेजारी शेजारी छापा. त्याला आधारही आहे. त्याच जलसर्वेक्षण संस्थेचा १९७४ चा एक ठराव सांगतो की, सामाईक पाण्याच्या नावावर देशांचे एकमत झाले नाही तर दोन्ही नावे मान्य करावीत. मात्र संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाने २००४ साली आपल्या कागदपत्रांत जपानचा समुद्र हेच नाव चालेल असे कळवले. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात कोरियन वस्ती मोठी. तेथे २०१४ साली कायदा होऊन शाळेच्या पुस्तकांत दोन्ही नावे आली. जपानच्या राजदूताने विरोध केला होता, चालला नाही.

इकडे मोनॅकोची पुस्तिका अडकली ती अडकलीच. २००२ साली या समुद्राची पानेच वगळून मतदान घ्यायला निघाले, तेही अर्ध्यावर मागे घ्यावे लागले. शेवटी नोव्हेंबर २०२० मध्ये तोडगा निघाला: नव्या संगणकीय नोंदीत समुद्रांना नावांऐवजी क्रमांक द्यायचे! जुनी पुस्तिका इतिहासजमा म्हणून राहील. आम्हाला हसू आले. फाईलवर भांडण झाले की फाईलला नंबर टाकायचा, ही युक्ती आमच्याच कचेरीत आहे असे वाटत होते.

असेच दुसरे भांडण आपल्या घरापर्यंत येणारे आहे. वस्तीतील कितीतरी माणसे वेल्डर, फिटर, ड्रायव्हर म्हणून दुबई, कुवेत, बहारीनला गेली. आपण सरळ म्हणतो, "तो आखातात आहे." कोणाचे आखात, हे मराठी माणूस विचारत नाही, आणि तेच शहाणपणाचे आहे. कारण इराण म्हणतो पर्शियन आखात, ग्रीकांच्या काळापासून. तर १९५० नंतर अरब राष्ट्रवाद उसळला तेव्हापासून अरब देश म्हणतात अरबी आखात. २०१० साली इराणने बजावले की, जी विमान कंपनी अरबी आखात म्हणेल तिला आमच्या आकाशातून उडू देणार नाही. त्याच वर्षी तेहरानला व्हायचे इस्लामी देशांचे क्रीडासामने रद्द झाले, कारण पदकांवर पर्शियन आखात हे शब्द हवेत असा इराणचा हट्ट होता.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी मेक्सिकोचे आखात हे नाव एका सहीने 'अमेरिकेचे आखात' केले. मेक्सिकोच्या अध्यक्षा शाइनबाउम यांनी १६०७ चा नकाशा दाखवून, मग तुमच्या खंडालाच मेक्सिकन अमेरिका म्हणू या, असा टोला दिला. जुने नाव सोडायला नकार देणाऱ्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बातमीदारांना राष्ट्राध्यक्षांच्या कार्यक्रमांतून बाहेर ठेवले गेले.

आणि आपल्या दादर चौपाटीसमोर आहे तो अरबी समुद्र. त्यावरून मुंबईत कधी मोर्चा निघालेला आम्हाला आठवत नाही. कोळी बांधव तर नुसते दर्या म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. आम्ही तिला सोन की-चुंगची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण काका, परीक्षेत काय लिहू?"

"परीक्षेत पुस्तकात आहे ते लिही," आम्ही म्हणालो. मार्क आम्हाला द्यायचे नव्हते.

तिने निळ्या पेन्सिलीने जपानचा समुद्र लिहिले. मग खाली बारीक अक्षरात पूर्व समुद्र लिहायला घेतले. नकाशा छोटा, जागा पुरेना, शेवटची दोन अक्षरे कोरियाच्या जमिनीवर गेली. तिने खोडरबर उचलला, क्षणभर पाहिले, आणि तसाच खाली ठेवला.