चंक्रमण : एका विस्मृत विहाराविषयी

आपल्या चिकित्सापत्रावरील शेवटची ओळ बहुधा ठरलेली असते – ‘रोज चालणे’. औषधे, अनुपान व पथ्यापथ्य लिहून झाले की त्याखाली ती ओळ लिहून आपण पुढील रुग्णास आत बोलावतो. आम्हीही अनेक वर्षे हेच करीत आलो आहोत. परंतु ‘चालणे’ या एका शब्दाखाली संहिताकारांनी निरनिराळी कर्मे सांगितली आहेत आणि त्यांपैकी एक आपल्या चिकित्सेतून जवळजवळ लुप्त झाले आहे, याची जाणीव आम्हांस एका रुग्णाने करून दिली.

हे गृहस्थ निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या आसपास, प्रकृती वातप्रधान. तक्रारी अल्पनिद्रा, आध्मान व मंदाग्नीच्या. प्रमेह नाही, स्थौल्य नाही. आम्ही औषधयोजना केली आणि सवयीने लिहून दिले – ‘सकाळी ४५ मिनिटे भरभर चालणे.’ चिरंजीवांनी त्यांच्या मोबाइलवर पावले मोजण्याची सोय करून दिली. तीन महिन्यांनी पाहतो तो अग्नी थोडा सुधारलेला, देह मात्र अधिक कृश आणि झोप पूर्वीपेक्षाही कमी. चौकशी केली तेव्हा समजले, की दहा हजारांचा आकडा भरला नाही तर ते रात्री घरातल्या घरात येरझाऱ्या घालतात. जाता जाता ते म्हणाले, “वैद्यराज, पूर्वी मी संध्याकाळी सहज नदीकाठी जात असे. आता त्याला वेळच उरत नाही.”

हे वाक्य आम्हांस लागले. रुग्ण जे आपणहून करीत होता, तेच आम्ही काढून घेतले होते.

संहिता काय सांगते?

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय, अनागताबाधप्रतिषेधीय, आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथील क्रम पाहण्याजोगा आहे. प्रथम आस्या, म्हणजे सुखाने बसून राहणे. त्याने वर्ण, कफ, स्थौल्य व सौकुमार्य वाढते. त्यानंतर अध्वा, म्हणजे वाट चालणे. ते या चारही गोष्टींचा नाश करते. अतिअध्वा तर जरा व दौर्बल्य आणतो. आणि यानंतर आचार्य चंक्रमणाचा निराळा उल्लेख करतात. देहास फार पीडा न देणारे ते चालणे आयुष्य, बल, मेधा व अग्नी देणारे आणि इंद्रियांना जागे करणारे आहे, असे त्याचे गुण सांगितले आहेत.

अध्वा कर्षण करतो, चंक्रमण बल देते. दोन्हींत पायच चालतात, परंतु फळ भिन्न. आमच्या शिक्षकमहाशयांना चंक्रमणाची गरज होती. आम्ही त्यांना अध्वा दिला.

‘चंक्रमण’ हा शब्दही बोलका आहे. क्रम् धातूच्या यङन्त रूपापासून तो सिद्ध होतो. हा प्रत्यय एरवी क्रियेचे पौनःपुन्य वा आधिक्य दाखवतो. परंतु गत्यर्थक धातूंना तो कौटिल्याच्या, म्हणजे वळणावळणाने जाण्याच्या अर्थी लागतो, असा पाणिनीचा नियम आहे. म्हणजे चंक्रमण हे शब्दशः सरळ न जाणारे चालणे होय. ज्याला कोठे पोहोचावयाचे असते तो सरळ जातो. वळणे घेत तोच जातो ज्याला पोहोचण्याची घाई नाही.

मराठी भाषेनेही हा भेद जपला आहे. ‘फेरफटका’, ‘पाय मोकळे करणे’, ‘जरा हिंडून येणे’ या शब्दप्रयोगांत कोठेही गंतव्य नाही. भोजनोत्तर ‘शतपावली’ तर थेट सुश्रुतोक्त शंभर पावलांचीच आठवण करून देते. तीही अन्नाचा भार उतरेपर्यंत स्वस्थ बसून मग घालावयाची असते, हे आज विसरले जाते. कोल्हापूरकर रंकाळ्यावर जातात, पुणेकर टेकडीवर जातात. ‘कशाला?’ या प्रश्नास त्यांचे उत्तर ‘असेच’ एवढेच असते. आमच्या मते हे ‘असेच’ हाच या विहारातील औषधी अंश आहे. मन मोजणीत गुंतले की इंद्रिये बाहेरचे काही ग्रहण करीत नाहीत. मग इंद्रियबोधन व्हावे कसे?

दहा हजारांचा आकडा

हा आकडा आला कोठून? १९६५ साली जपानमधील एका उत्पादकाने पावले मोजणारे यंत्र विक्रीस आणले. त्याच्या जपानी नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होता. आकडा सुटसुटीत होता, तो रूढ झाला; त्यामागे चिकित्साशास्त्रीय निर्णय नव्हता. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत १६,७४१ वृद्ध स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर हा लाभ आणखी वाढताना दिसला नाही. तो निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. परंतु वृद्ध रुग्णास दहा हजारांच्या धाकाखाली ठेवण्याचे कारण नाही, एवढे त्यावरून खास म्हणता येते.

विवेक कसा करावा?

याचा अर्थ भरभर चालणे निरुपयोगी असा कोणी घेऊ नये. प्रमेहचिकित्सेत धनहीन रुग्णाने छत्र व पादत्राणांवाचून, एका गावी एकाहून अधिक रात्र न राहता, शंभर योजने वा त्याहून अधिक चालावे, असे सुश्रुतांनीच सांगितले आहे. तेथे कर्षण हाच हेतू आहे. स्थूल, कफप्रधान व बलवान रुग्णास अध्वा किंवा अर्धशक्ती व्यायाम द्यावाच. उलट कृश, वातप्रधान, वृद्ध, चिंताग्रस्त वा अनिद्रेने पीडित रुग्णास चंक्रमण द्यावे. आणि पंचकर्मकाळी चरकांनी सिद्धिस्थानात सांगितलेल्या आठ महादोषकर भावांत अतिचंक्रमणही आहे, हे विसरू नये. जे पीडा देते ते चंक्रमणाच्या लक्षणातच बसत नाही.

अलीकडे आम्ही चिकित्सापत्रावर ‘चालणे’ असे मोघम लिहीत नाही. ‘अध्वा’ की ‘चंक्रमण’ हे आधी मनाशी ठरवतो. चंक्रमण लिहिले तर रुग्णास समजेल अशा शब्दांत सांगतो – ऊन उतरल्यावर निघावे, पायांत सुखावह पादत्राणे असावीत, मोबाइल घरी ठेवावा किंवा खिशातून काढू नये, वाट रोज बदलली तरी चालेल, दमण्यापूर्वी परतावे. एकट्याने जाणे सुरक्षित नसेल तर सोबत घ्यावी. छातीत दुखणे, धाप वा चक्कर असल्यास प्रथम तपासणी, मग बाकी सर्व.

औषधी दुकानांच्या चालकांनाही आमची एक विनंती आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसणे ही आस्याच होय. प्रमेहाच्या हेतूंत चरकांनी आस्यासुखास अग्रस्थान दिले आहे. बलवर्धक अवलेहाची बरणी ग्राहकाच्या हाती देणाऱ्याने स्वतः बसून बसून बल गमवावे, हे योग्य नव्हे. दुपारच्या संथ वेळी दुकान सहायकाच्या हवाली करून वीस मिनिटे बाजारपेठेत हिंडून यावे. वसुलीसाठी किंवा मालाच्या चौकशीसाठी मात्र नव्हे. तसे केले तर तो अध्वा झाला!

शिक्षकमहाशयांचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतीलच. आम्ही पावलांची मोजणी बंद करविली, सकाळचे चालणे थांबविले व संध्याकाळचा नदीकाठ त्यांना परत दिला. औषधे तीच ठेवली, मात्रा बदलली नाही. सुमारे दोन महिन्यांनी झोप चार तासांवरून साडेपाच तासांवर आली. एका रुग्णावरून सिद्धांत मांडण्याचे धाडस आम्ही करणार नाही. व्यवसायबंधूंनी आपापल्या रुग्णांत हा भेद करून पाहावा आणि आपले अनुभव या त्रैमासिकाकडे अवश्य कळवावेत. मागील भेटीत त्यांना सहज विचारले, “किती चालता हल्ली?” ते म्हणाले, “ठाऊक नाही. काल खंड्या पाहिला.” आम्ही चिकित्सापत्रावर ‘चंक्रमण – पूर्ववत्’ असे लिहिले.