पडक्या घरांचा पैसा कोणाच्या पदरात?

डेट्रॉइटच्या पाडकाम योजनेतून कारागिरांनी घ्यायचा धडा

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट हे शहर एकेकाळी मोटारींची राजधानी म्हणून ओळखले जात असे. १९५० साली तेथे साडेअठरा लाख लोक राहत होते. २०२० च्या शिरगणतीत ही संख्या ६ लाख ३९ हजारांवर आली. कारखाने गेले, पैसेवाले उपनगरांत गेले, २००८ च्या मंदीत घरकर्जे बुडाली आणि मागे हजारो ओसाड घरे उरली. जुलै २०१३ मध्ये खुद्द महापालिकेनेच दिवाळखोरी जाहीर केली.

ओसाड घर हे एकट्या मालकाचे नुकसान नसते. त्यातील तांब्याच्या नळ्या चोरीला जातात, आगी लागतात, शेजारच्या घराची किंमत पडते आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते. मे २०१४ मध्ये एका समितीने सुमारे ४० हजार इमारती पाडण्याची शिफारस केली. वस्त्यांतील ही ओसाडी हटवण्याचा खर्च ८५ कोटी डॉलर धरला होता. तिजोरी रिकामी असताना हा पैसा आणायचा कोठून?

अनुदान आले कसे?

२०१० साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने 'हार्डेस्ट हिट फंड' नावाचा निधी काढला. हप्ते थकलेल्या कुटुंबांचे घर वाचावे, हा त्याचा मूळ हेतू. जून २०१३ मध्ये मिशिगनला यातील १० कोटी डॉलर पाच शहरांतील पडकी घरे पाडण्यासाठी वापरण्याची परवानगी मिळाली. पुढे रक्कम वाढत गेली आणि एकट्या डेट्रॉइटच्या वाट्याला २५ कोटी डॉलरहून अधिक आले.

व्यवहाराची रीत व्यापाऱ्यांनी समजून घेण्याजोगी आहे. घरामागे कमाल मर्यादा २५ हजार डॉलर होती. कागदोपत्री ते त्या जागेवरचे बिनव्याजी कर्ज असे. दरवर्षी त्याचा पाचवा हिस्सा माफ होऊन पाच वर्षांत ते फिटे. ठेकेदाराने आधी काम करायचे, बिले द्यायची, मग पैसा मिळायचा. कामही नुसते घर पाडण्याचे नव्हते. आधी अ‍ॅस्बेस्टॉस काढायचे, गॅस-पाणी तोडायचे, तळघर उखडायचे, खड्ड्याची तपासणी करून घ्यायची, स्वच्छ माती भरायची आणि वर गवत पेरायचे.

फायदा झाला, हे नाकारता येत नाही. पाडलेल्या घरांपासून ५०० फुटांच्या आतील घरांची किंमत ४.२ टक्क्यांनी वाढल्याचे २०१५ च्या एका पाहणीत आढळले. मोकळे झालेले प्लॉट शेजारच्या घरमालकांना अवघ्या १०० डॉलरला देण्यात आले.

हिशेबाची घसरण

परंतु पैसा वेगाने आला की हिशेब मागे पडतो. ऑगस्ट २०१६ मध्ये बिलांतील गोंधळामुळे केंद्रीय खजिन्याने सुमारे दोन महिने निधी रोखला. खड्ड्यात भरलेल्या मातीच्या दर्जावर प्रश्न उठले. निविदांत लाच घेतल्याबद्दल दोघांनी २०१९ मध्ये गुन्हा कबूल केला. निधी अडला की मोठा ठेकेदार तग धरतो. उधारीवर यंत्र घेतलेला लहान ठेकेदार मात्र कोलमडतो.

याहून मोठा दोष धोरणातच होता. एकीकडे पाडकामाला कोट्यवधी मिळत असताना दुसरीकडे घरपट्टी थकली म्हणून हजारो राहती घरे जप्त होत होती. ही घरपट्टी मुळात अनेक घरांवर जादा आकारली गेली होती, हे पुढे उघड झाले. म्हणजे घर वाचवण्यासाठी काढलेला पैसा घर पाडण्याकडे वळला आणि जप्तीमुळे नवी ओसाड घरे तयार होत राहिली!

दुसरा मार्ग

डेट्रॉइटने वेढलेले हॅमट्रॅमक हे छोटे स्वतंत्र शहर आहे. येथे आणि लगतच्या 'बांगलाटाऊन' भागात बांगलादेशी व येमेनी कुटुंबांनी जुनी घरे स्वस्तात घेतली, डागडुजी केली आणि ती राहती केली. कोनंट रस्त्यावर किराणा, कपडा आणि हलाल गोश्ताची दुकाने उभी राहिली. २०१५ साली हॅमट्रॅमकच्या नगरपरिषदेत मुस्लिम सदस्यांचे बहुमत झाले. घर दुरुस्त झाले तर सुतार, गवंडी, नळकारागीर, रंगारी अशा सर्वांना रोजी मिळते. यंत्राने चिरडले तर ती यंत्रवाल्याला आणि ट्रकवाल्यालाच मिळते.

जेथे घर उतरवावेच लागते, तेथेही रीत बदलता येते. ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहराने २०१६ पासून १९१६ किंवा त्याआधी बांधलेली घरे हाताने सुटी करून उतरवण्याची सक्ती केली आणि पुढे ही मर्यादा १९४० पर्यंत आणली. अशा घरांतील जुने लाकूड पुन्हा बाजारात येते.

आपल्या कारागिरांना हे नवे नाही. मुंबईच्या चाळी किंवा पुण्याचे वाडे उतरवले जातात तेव्हा सागवान, दरवाजे, खिडक्या, लोखंड यांची किंमत धरून पाडकामाचा ठेकेदार अनेकदा उलट मालकालाच पैसे मोजतो. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजाराला हे जुने सागवान ठाऊक आहे. अमेरिकेत ज्यासाठी कायदा करावा लागला, ते कसब आपल्या हातात आहे. कमतरता आहे ती कागदाची.

बांधवांनी काय करावे?

सरकारी अनुदानाचे काम नावावर चालत नाही, नोंदीवर चालते. म्हणून कारागिरांनी एकेकटे न राहता नोंदणीकृत संस्था करावी, बँक खाते व हिशेबाच्या वह्या चोख ठेवाव्यात आणि मजुरांचा विमा उतरवावा. बिल निघायला उशीर होणार हे धरून निदान तीन महिन्यांचे भांडवल हाती असल्याशिवाय काम उचलू नये. आपल्या मोहल्ल्यात पाडकामाची योजना आली तर पहिला प्रश्न विचारावा: यातील किती घरे दुरुस्त होऊ शकतात?

आणि खड्डा भरताना माती तीच भरावी, जिचे पैसे घेतले आहेत. मापात घट करणाऱ्यांना कुरआनने दिलेला इशारा केवळ तराजूपुरता नाही. सार्वजनिक पैसा ही अमानत आहे. तिचा हिशेब येथेही द्यावा लागतो आणि तेथेही.