शिक्षकी पेशाची नीती – लेखांक 6 : दाखल्याविना दारात आलेले मूल

मागील लेखांकात आपण छडी आणि खासगी शिकवणी यांविषयी बोललो. तिथे कायदा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षा व मानसिक छळाला, तर कलम 28 शिक्षकाने खासगी शिकवणी घेण्याला मनाई करते. आज त्याहून अवघड प्रसंग पाहू.

दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की हमीदवाडा, बिद्री या कारखान्यांसाठी कागल तालुक्यातील मुरगूड परिसरातल्या फडांत ऊसतोड टोळ्या उतरतात. बीडकडून आलेल्या कुटुंबांच्या कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटेच फडात जातात आणि आठ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळत मागे राहते. ती शाळेच्या दारात आली, तर शिक्षकाने काय करावे?

‘दाखला आणा, मग बघू’ हे सोपे उत्तर आहे, पण ते बेकायदा आहे. कलम 5 नुसार दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही मूल परत पाठवता येत नाही. कलम 4 त्याला वयानुरूप वर्गात बसण्याचा आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क देते.

कायद्याने मूल वर्गात येते, पण तिथे ते टिकेल की नाही हे शिक्षक ठरवतो. तिच्या बोलण्यावर वर्ग हसला, तर ते हसू तिथल्या तिथे थांबवणे हे शिक्षकाचे काम आहे. सोबत धाकटा भाऊ आला, तर त्याला हाकलण्याऐवजी अंगणवाडीत पोहोचवण्याची सोय करता येते. तिला काय येते, काय येत नाही हे तपासून लिहून ठेवायला हवे. हंगाम संपताना ती नोंद तिच्या मूळ शाळेला कळवली, तर तिथल्या गुरुजींना पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही.

‘चार महिन्यांनी जाणारच आहे, पटावर घेऊन उपयोग काय? वर्गाचा निकाल खाली येईल,’ असा विचार शिक्षकखोलीत बोलून दाखवला जातो. व्यावसायिक नीतीची खरी परीक्षा इथेच होते. जे मूल निकालपत्रकात आपले नाव वाढवणार नाही, ज्याचा बाप पालकसभेला येऊन जाब विचारणार नाही, त्याच्यासाठी घेतलेले कष्ट हेच शिक्षकाच्या सचोटीचे माप आहे.

कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या राजर्षी शाहूंनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला त्यांनी दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्याच मातीतल्या शाळेने दारात आलेले मूल परत पाठवणे शोभणारे नाही.

शिक्षक वाचकांना एकच विनंती : येत्या हंगामात आपल्या शाळेजवळच्या कोप्यांपर्यंत एकदा स्वतः जा आणि मुलांची नावे लिहून आणा.

(पुढील लेखांकात : अंतर्गत गुण आणि निःपक्षपातीपणा)